माझ्या पोटातून काय काढलं?

मी उजवा स्पीकर बोलतोय. स्पीकर बोलतोय यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण आजवर मी जे जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं होतं. गाणी गाणाऱ्यांची, बातम्या वाचणाऱ्यांच्या, आणि मधूनमधून साबणाचं कौतुक, ते कुणाचं होतं देव जाणे. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय. तेव्हा तुम्ही माझ्यावर लगेच विश्वास ठेवावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. मी स्वतःही कुणावर लगेच ठेवत नाही.

माझ्या जोडीला डावा आहे. आम्ही जुळे. जन्मापासून सहा फुटांच्या अंतरावर उभे आहोत. तो कधीकधी वरच्या पट्टीत चिरकतो आणि बोल मला लागतात, असा माझा जुना संशय आहे. त्याचंही माझ्याबद्दल असंच काहीतरी मत असणार. समोरासमोर कधी विषय निघाला नाही, कारण आम्हाला दोघांनाही समोरच बघायला लावलेलं असतं.

आमचा जन्म दोन माणसांच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एक सुतार, एक रेडिओ दुरुस्त करणारा. सुतार पेट्या करायचा आणि रेडिओवाला आतली तार गुंडाळायचा. सुतार म्हणायचा, आवाज लाकडाचा असतो. रेडिओवाला म्हणायचा, लाकूड नुसतं उभं राहतं, आवाज तारेचा असतो. रेडिओवाला प्रत्येक फळीवर बोटाचं पेर वाजवून बघायचा, न जाणो सुताराने पातळ लाकूड घातलं असेल तर! आणि सुतार जेवायला बसला तरी पाठ फिरवायचा नाही, न जाणो रेडिओवाल्याने दोन वेढे कमी मारले तर! अशा दोन संशयी बापांच्या हातून मी घडलो. मग माझा स्वभाव असा झाला यात माझा काय दोष?

आम्हाला घेतलं एका शिंप्याने. त्याची पहिली मोठी ऑर्डर हातावेगळी झाली होती. आमच्या पेट्यांवरून त्याने दोन्ही हात फिरवले आणि बायकोला म्हणाला, "बघ, कडा कशा बसवल्यात! कॉलरसारख्या."

शिंप्याचं दुकान म्हणजे एकच लांबट खोली. तीन भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. डोक्यावर आडव्या दांडीला शिवून झालेले कोट, सदरे, गणवेश लटकलेले. खाली चिंध्यांचा असा थर की पडलेली सुई वाजायची नाही. मधोमध मशीन आणि समोर स्टुलावर शिंप्याची बायको, काज-बटणं करत बसलेली. तिला सगळे ताई म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा. आम्ही दोघं आरशाच्या दोन बाजूंना उभे असायचो.

त्या खोलीत आम्ही जे वाजलो ते वाजलो! एक रेकॉर्ड होती. एका बाईचा एकटीचा आवाज आणि मागे फक्त एक मोठं, खर्जातलं व्हायोलिन. बाई गायला लागल्या की शिंपी मशीन थांबवून आरशात बघायचा, जणू त्या मागच्या दारातून आत आल्या आहेत. शब्दन् शब्द वेगळा यायचा. बाई श्वास घ्यायच्या तोही ऐकू यायचा. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हात पसरून तसंच उभं राहायचं, माप घेऊन झालं तरी.

लोक म्हणायचे, काय स्पीकर आहेत! शिंपी म्हणायचा, जातच तशी आहे त्यांची. आणि मीही तेच धरून चाललो. आपलं कौतुक चालू असताना त्याची चौकशी करायला जातो कोण?

दर रविवारी सकाळी तिथे एक माणूस यायचा. ताईच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे शिंप्याचा साडू. नोकरी विमा कंपनीत. कुठे आग लागली, कुठे पाणी शिरलं, कुठे माल फुटला की नुकसान खरं की बनाव हे बघायला यांना पाठवायचे. घरात सगळे त्यांना तपासनीसच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. माणूस वाईट नव्हता. पण आयुष्यभर खोटं शोधून शोधून डोळ्यांना तीच सवय लागली होती. कुणी पायरीवरून घसरून पडलं तर हे आधी पायरी बघायचे, मग माणूस. एकदा शिंप्याने सहज सांगितलं की दुकानात मांजर शिरलं आणि बशी फुटली. यांनी विचारलं, "मांजर कुणी पाहिलं?"

पण बाकावर बसून बाईंचं गाणं ऐकताना हाच माणूस डोळे मिटायचा. तेवढा एक तास त्यांचा कशावर संशय नसायचा. म्हणून मला ते आवडायचे.

आणि त्यांच्याबरोबर धाकटी यायची. या दोघी बहिणींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. आईवडील लवकर गेले. ताईने शिवणावर धाकटीला वाढवली. तिच्या शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळं ताईच्या हातचं. रविवारी धाकटी आली की ताईच्या शेजारी दुसरं स्टूल ओढायची, एकाच सदऱ्याच्या दोन बाह्या दोघी घ्यायच्या, आणि आठवड्याभराचं बोलून घ्यायच्या. तो रविवार त्या दोघींच्या जिवाचा होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे पणाला लागलं ते हेच.

पुढे शिंप्याचं काम वाढलं. दुसरं कटिंग टेबल आलं आणि आमची जागा गेली. शिंपी म्हणाला, "साडूबुवा, ही जोडी तुम्ही घेऊन जा. तुमच्याइतकं जीव लावून ऐकणारं दुसरं कोण आहे?"

तपासनीसांचे डोळे भरून आले. ते पुसता पुसता त्यांनी विचारलं, "का बरं? एकदम?"

"टेबल आलंय म्हणून."

"टेबल काय, तिकडेही बसलं असतं," तपासनीस म्हणाले. पण नेतो म्हणाले.

आता मुद्द्याचं सांगतो. आम्हाला न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नसताना शिंप्याने आमच्या तारा सोडवल्या. तार सुटली की मी बधिर होतो, दात काढायच्या आधी सुन्न केलेल्या हिरडीसारखा. काहीतरी चाललंय हे कळतं, काय ते कळत नाही. शिंप्याने माझी मागची फळी उघडली. कोपरापर्यंत हात आत घातला. काहीतरी मूठ मूठ भरून बाहेर काढलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा हात आत, आणि स्क्रू घट्ट. डाव्याचंही तेच केलं. शेवटी आमच्या पेट्या तेलाच्या फडक्याने पुसल्या आणि इकडेतिकडे बघून हात झटकले.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. देताना माणूस वस्तू पुसतो हे ठीक. पण उघडतो कशाला?

तपासनीसांचं घर नवं होतं. हॉल मोठा, चकचकीत फरशीचा. एका बाजूला सगळी काच. काचेचंच टेबल, लोखंडी खुर्च्या, भिंती कोऱ्या. पडदे नव्हते. धाकटीने दोनदा विषय काढला होता. तपासनीस म्हणाले होते, "पडदा लावतो कोण? ज्याला झाकायचं असतं तो." त्यांनी आम्हाला अगदी भिंतीला टेकवून दोन कोपऱ्यांत उभं केलं, शिक्षा केल्यासारखं. मग बाईंची रेकॉर्ड लावली.

आणि मी जे बोललो ते ऐकून माझं मलाच ओळखू येईना. व्हायोलिन रिकाम्या पिंपासारखं घुमलं. बाईंचा प्रत्येक 'स' ताटलीवर सुरी ओढावी तसा निघाला. एक शब्द संपायच्या आत मागचा शब्द काचेवर आपटून परत येत होता. बाई गाण्याऐवजी न्हाणीघरातून टॉवेल मागतायत असं वाटत होतं.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तपासनीस उठले, आवाज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. मग सावकाश म्हणाले, "हे ते नव्हेत."

त्यांनी भिंग आणलं आणि माझ्या पाठीमागे गुडघ्यावर बसले. आठ स्क्रू होते. आठांच्याही खाचेत ताजे ओरखडे. वही काढून त्यांनी लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने म्हटलं, "अलीकडे उघडलेले."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कुणीतरी तपास करतंय म्हणून.

मग सुरू झाली आमची वरात. तपासनीसांनी आम्हाला घरातल्या प्रत्येक खोलीत नेऊन वाजवलं. मागे वायर धरून धाकटी. खडूने फरशीवर खुणा, टेपने अंतर, वहीत नोंद. स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे किणकिणले. नोंद झाली, "थरथर." बोळात आवाज एका कानातून दुसऱ्या कानात धावला. नोंद झाली, "पोकळ." मग झोपायच्या खोलीत नेलं. तिथे जाड गाद्या, उशा, रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. तिथे आम्ही बरे वाजलो! बाईंचा श्वास पुन्हा ऐकू आला.

"अहो, इथे छान येतंय," धाकटी म्हणाली.

"तेच तर," तपासनीस म्हणाले. "लहान खोलीत दोष लपतो. मोठ्या खोलीत उघडा पडतो." आणि लिहिलं, "दोष निश्चित."

हातात आलेला धागा माणूस कसा तोडून टाकतो ते पाहिलंत? पण मी तरी कोण शहाणा! मलाही त्यांचं पटलं. मला माझ्या पोटात शिरलेला तो हात आठवत होता.

तपासनीसांनी शिंप्याला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच खडा टाकला. "साडूभाऊ, तुम्ही स्पीकर कधी उघडले होते का हो?"

पलीकडचं मशीन थांबलं. मग शिंपी म्हणाला, "नाही तर. का?"

"सहजच," तपासनीस म्हणाले आणि फोन ठेवला. मग बायकोला म्हणाले, "आतला चांगला माल काढून घेतला आणि रिकामी पेटी आपल्या गळ्यात मारली. दिल्याचं नाव झालं आणि गेलं काहीच नाही."

"भाऊजी असं करणार नाहीत," धाकटी म्हणाली.

"मग खोटं का बोलले?"

धाकटी वायर गुंडाळायला लागली.

त्या रविवारी ते दोघं दुकानात गेले नाहीत. धाकटीचं डोकं दुखत होतं. पुढच्या रविवारी कुणीतरी येणार होतं. तिसऱ्या रविवारी काय कारण होतं ते तिलाही सुचलं नाही. ताईचा फोन यायचा. "येतेस ना गं?" ही म्हणायची, "बघते, ताई." फोन ठेवला की माझ्याजवळ येऊन माझ्या जाळीवरची धूळ पुसत बसायची. धूळ नसली तरी पुसायची. असे दोन महिने गेले. या बाईला एक शब्द सांगावा असं मला फार वाटायचं. पण सांगणार काय? माझाच शिंप्यावर भरवसा राहिला नव्हता.

शेवटी ताईला कुणकुण लागली. तिने फोनवर धाकटीला नाही, थेट तपासनीसांना गाठलं. "तुमच्या मनात काय आहे ते मला कळलंय. येत्या रविवारी जोडी घेऊन इकडे या. सगळ्यांसमोर वाजवा. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावा. माझी बहीण मला परत हवी आहे."

रविवारी सकाळी आम्ही दुकानात पोचलो आणि मी बघतच राहिलो. दुकान रिकामं! तीन भिंती उघड्या, त्यांचा जुना निळा रंग मी पहिल्यांदाच पाहिला. दांडीवर एक सदरा नाही. जमीन झाडून पुसून लख्ख. सगळे तागे आणि सगळे कपडे बाहेरच्या ओट्यावर रचलेले.

"हे काय?" तपासनीसांनी विचारलं.

शिंपी हाताची घडी घालून उभा होता. दोन महिन्यांत तो वाळल्यासारखा दिसत होता. "तपासायला येताय ना? मग मी एक चिंधीसुद्धा आत ठेवली नाही. नाहीतर उद्या म्हणाल, ताग्यांच्या मागे दुसरे स्पीकर दडवले होते. बघा, भिंती बघा. वाजवून बघा हवं तर."

आणि तपासनीसांनी खरंच भिंती वाजवून बघितल्या. चारही.

आम्हाला आरशाच्या दोन बाजूंना आमच्या जुन्या जागी ठेवलं. दोघी बहिणी दोन टोकांना उभ्या. रेकॉर्ड लागली.

तेच पिंप! तोच ताटलीवरचा 'स'! बाई या भिंतीवर आपटून त्या भिंतीवर जात होत्या. शिंप्याचा चेहरा उतरला. आरशात बघायची त्याची सवय, त्याने आरशात पाहिलं, पण तिथे त्याला फक्त तो स्वतः दिसला.

"आता बोला," तपासनीस म्हणाले.

शिंपी बोलला, पण भलतंच. "माझ्याकडून जाईपर्यंत जोडी ठणठणीत होती. वीस वर्षं या जागी वाजलीय. दोन महिने तुमच्या ताब्यात होती. काय केलंत तुम्ही तिचं? आणि आता माझ्या नावावर खपवताय?"

"मी? मी केलं?"

"नाहीतर कुणी? मांजराने?"

तपासनीसांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो ते घेऊनच आले होते. माझी फळी उघडली, हात आत घातला आणि एक गोष्ट बाहेर काढून सगळ्यांसमोर धरली. ती कापूस भरलेली लहानशी गादी होती. माझ्या पोटाच्या मापाची, जाड अस्तराची, चारही कडांना बारीक धावदोरा घातलेली. टाका बघून कुणीही सांगितलं असतं हात कुणाचा ते.

"हे मूळचं आहे?"

"नाही," शिंपी म्हणाला.

"तुम्ही घातलंत?"

"हो."

"मग फोनवर उघडलं नाही म्हणालात ते?"

शिंप्याने मान खाली घातली. "आतला कापूस कुजून भुगा झाला होता. कसर लागली होती. जोडी तुम्हाला द्यायची, तर अशी कशी देऊ? भुगा काढला, नवी गादी शिवून घातली. आता भेट दिलेल्या वस्तूला आपण ठिगळ लावलं, हे काय तोंडाने सांगत सुटायचं?"

म्हणजे मूठ मूठ भरून काढला तो भुगा! आणि मधल्या वेळात हा माणूस बसून माझ्यासाठी टाके घालत होता.

पण तपासनीस हलले नाहीत. "आमच्या धंद्यात एकदा खोटं सापडलं की पुढचं वाचत नाहीत," ते म्हणाले. गादी आत ठेवली, फळी बसवली आणि शेवटची नोंद करायची म्हणून रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. "चल गं," ते बायकोला म्हणाले, "एवढं लिहितो आणि निघू."

शिंपी मशीनवर जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून. ताईने नुसतं बाहेर बघितलं आणि ती म्हणाली, "ऊन आलं. गिऱ्हाइकांचं कापड विटेल." आणि ओट्यावर जाऊन एका ताग्याला हात घातला. तागा जड होता. धाकटी तशीच उभी राहिली असती, पण लहानपणापासूनची सवय. तिने जाऊन दुसरं टोक धरलं.

दोघी एकेक तागा आत आणू लागल्या. रेकॉर्ड चालूच होती. पाच तागे झाले, सात झाले. एक भिंत झाकली गेली. मला काहीतरी होऊ लागलं. कानात पाणी जाऊन बसावं आणि ते एकदम गरम होऊन बाहेर यावं, तसं. दुसरी भिंत झाकली तसं व्हायोलिन पिंपातून बाहेर आलं. बहिणींनी कोट दांडीवर चढवले, चिंध्यांचं गाठोडं कोपऱ्यात सोडलं, आणि बाईंनी श्वास घेतला. तो सगळ्यांना ऐकू आला.

शिंपी वळला. तपासनीसांची पेन्सिल थांबली.

"थांबा," ते म्हणाले. "तागे पुन्हा बाहेर न्या."

"काय?" ताई म्हणाली.

"बाहेर न्या सगळं."

नेले. यावेळी चौघांनी मिळून. आवाज घुमला. आणले. आवाज बसला. तपासनीसांचं एवढ्याने भागेना, रेकॉर्ड परत पहिल्यापासून लावून पुन्हा न्यायला लावले. तिसऱ्या वेळी ताग्याखाली दमलेले तपासनीस स्वतःच होते, घामाघूम, खांद्यावर खाकी कापड. तागा भिंतीला टेकवून ते बाकावर बसले. वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही शिंप्यापुढे धरली. "स्पीकरमध्ये दोष नाही. माझ्या हॉलमध्ये आहे."

शिंप्याने वाचलं. वही हातात घेतली नाही.

रेकॉर्ड संपली. सुई आतल्या कडेला जाऊन उचलली गेली. कापडाने भरलेल्या त्या खोलीत कुठलाच आवाज कुठे आपटत नव्हता, त्यामुळे हळू बोललेलंही स्वच्छ कळत होतं. धाकटी ताईच्या शेजारी सदऱ्यांच्या घड्या घालत होती. ती पुटपुटली, "ताई, मी यांना नाही नाही म्हणत होते. पण मनात मलाही वाटलं होतं, भाऊजींनीच केलं म्हणून."

ताईचे हात थांबले. मग ती तितक्याच हळू म्हणाली, "मलाही."

शिंपी पाच फुटांवर होता. त्याने मशीनचं चाक हाताने फिरवलं, पायट्यावर पाय ठेवला आणि भराभर मशीन चालवायला लागला. त्याला वाटलं असेल, ऐकू आलं नाही असं सगळे समजतील. पण सुईखाली कापड नव्हतं.

आणि मी? बायको तीस वर्षं शेजारी बसलेली, पण तिला निदान दुरून संशय आला. मला तर त्याने पोटात हात घालून नीट केलं होतं. आणि ज्या हाताने टाके घातले त्याच हाताला मी दोन महिने चोर म्हणत होतो. याची मला अजून लाज वाटते.

आम्ही पुन्हा तपासनीसांच्या हॉलमध्ये आलो. रविवार पुन्हा सुरू झाले, पण आता ताई इकडे येऊ लागली, एकटीच. पहिल्याच खेपेला तिच्या हातात गाठोडं होतं. हॉलच्या सगळ्या काचेला पुरतील असे जाड पडदे, आतून दुहेरी अस्तर. माप तिने नेलं होतं, शिवले शिंप्याने. तपासनीसांनी स्वतः खुर्चीवर चढून पडदे लावले. आम्हाला कोपऱ्यांतून पुढे ओढलं. खाली जाड जाजम आलं. आता आवाज दुकानाइतका नाही, पण त्याच्या जवळचा येतो.

शिंपी मात्र आला नाही. काम आहे, म्हणायचा. तपासनीस एकदा दुकानात जाऊन "माझं चुकलं" असं म्हणून आले. शिंपी म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं," आणि गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत राहिला. घरी येऊन तपासनीस बायकोला म्हणाले, "भांडला असता तर बरं झालं असतं."

आता आजचं सांगतो. सकाळी तपासनीसांनी फोन उचलला. ताई नुकतीच आली होती. शिंप्याला म्हणाले, "साडूभाऊ, पडदा धुतला तर आखडला. चार बोटं वर गेलाय."

पडदा धुतलेलाच नाही. मी रोज बघतो.

फोनमधून शिंप्याचा आवाज मला इथे ऐकू आला. "आखडेल कसा? कापण्याआधी मी कापड भिजवून घेतो!"

"आखडलाय खरा. मी मोजलंय."

"तुम्ही चुकीचं मोजलंय!"

तासाभरात शिंपी दारात. गळ्यात टेप, चेहरा लाल. त्याच्या अब्रूचा प्रश्न होता. कुणाकडे न बघता तो सरळ काचेपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि वरपासून खालपर्यंत पडदा मोजला. काठ फरशीला टेकलेला. सुताचाही फरक नाही. त्याने दुसऱ्यांदा मोजला.

मागे तपासनीस उभे होते. त्यांच्यापुढे माणसं जशी उभी राहत असतील तसे. रुमालाने मान पुसत. ज्यांनी उभ्या जन्मात खोटी नोंद केली नाही, त्यांची ही पहिलीच, आणि तपासायला आलेला माणूस पक्का.

शिंपी बराच वेळ टेपकडे बघत राहिला. मग त्याने वर बघितलं, तपासनीसांकडे.

"आखडलाय खरा," तो म्हणाला. "चार नाही, पाच बोटं. काठ उसवून पुन्हा घालावा लागेल. दोन तास तरी जातील."

"जाऊ देत की," तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. डाव्यापेक्षाही.

त्यांनी खुर्ची आणली आणि आमच्या दोघांच्या बरोबर समोर ठेवली. शिंपी बसला. पडद्याचं टोक मांडीवर घेतलं. अजून एकही टाका उसवलेला नाही त्याने. स्वयंपाकघराच्या दारात दोघी बहिणी येऊन उभ्या राहिल्या आहेत आणि ताई पदराने डोळे टिपते आहे.

तर मंडळी, आता मला रजा द्या. तपासनीसांनी रेकॉर्ड काढली आहे, फडक्याने पुसतायत. या माणसाची माफी मागायला माझ्याकडे स्वतःचे शब्द नाहीत, बाईंचेच वापरावे लागणार. आणि आज एकही शब्द वाकडा जाता कामा नये. तुम्ही कृपा करून जाताना तो पडदा मात्र सरकवू नका.